चव पास, रंग पास, वास पास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोललो तेच इथे आहे, फक्त मधलं खोकणं-खाकरणं काढून टाकलंय. आणि आजचा विषय खोकल्याच्या औषधाशीच येऊन थांबणार आहे.

औषधांच्या तपासणीवर तुमचे खूप प्रश्न येतात. औषध बाजारात येण्याआधी कोण तपासतं? सर्टिफिकेट असतं ना? केमिस्टची परीक्षा होते, डॉक्टरची होते, मग गडबड होते कुठे? बाटलीवर तो बारीक अक्षरातला बॅच नंबर कशाला? यातल्या प्रत्येक प्रश्नाला इतिहासात एक उत्तर आहे, आणि बहुतेक उत्तरं कुणाच्या तरी मरणातून आलेली आहेत. म्हणून आज प्रश्न तुमचे आणि उत्तरं इतिहासातली.

ही सगळी गोष्ट एका रसायनाभोवती फिरते. नाव जरा अवघड आहे: डायएथिलीन ग्लायकॉल. आपण डीईजी म्हणू. रंग नाही, दाटसर, आणि चवीला गोड. कारखान्यांत त्याचे बरेच उपयोग आहेत. ब्रेक ऑइलमध्ये ते असतं, रेझिन बनवताना लागतं. दिसायला ते थेट ग्लिसरीनसारखं, पण ग्लिसरीनपेक्षा स्वस्त. पोटात गेलं तर आधी उलट्या, पोटात दुखणं, मग लघवी कमी होत होत बंद. मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांना तर फार थोडं पुरतं.

हे विष आहे हे जगाला 1937 मध्येच कळलं. 2025 मध्येही त्याने मुलं मेली. या दोन सालांच्या मध्ये काय काय झालं, ते बघू.

प्रश्न पहिला: औषध विकण्याआधी तपासतातच ना?

1937 साली अमेरिकेतसुद्धा तसा कायदा नव्हता.

तेव्हा पेनिसिलिन अजून बाजारात यायचं होतं. सल्फानिलामाइड नावाचं औषध नवं नवं आलं होतं आणि घशाच्या संसर्गावर छान काम करत होतं. पण ते गोळी आणि पूड या रूपात मिळायचं. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी एस. ई. मॅसेंगिल नावाची कंपनी होती. तिच्या विक्रेत्याने कळवलं की दक्षिणेकडच्या राज्यांत लोकांना पातळ औषध हवंय. कंपनीच्या मुख्य केमिस्टने, हॅरोल्ड वॉटकिन्सने, प्रयोग सुरू केले. सल्फानिलामाइड पाण्यात नीट विरघळेना. डीईजीमध्ये मात्र मस्त विरघळलं. त्यात रास्पबेरीचा स्वाद घातला, आणि झालं औषध तयार.

आता बघा, कंपनीने ते तपासलं का? तर हो, तपासलं! कंपनीच्या प्रयोगशाळेने तीन गोष्टी पाहिल्या: चव, रंगरूप आणि वास. तिन्हींत औषध पास झालं. ते प्यायल्यावर माणसाचं काय होईल, हे पाहिलंच नाही. प्राण्यांना देऊन बघितलं नाही, कारण कायदा तसं सांगत नव्हता. 240 गॅलन, म्हणजे साधारण 900 लिटर माल तयार झाला आणि सप्टेंबर 1937 मध्ये देशभर रवाना झाला.

ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावातून मृत्यूंच्या बातम्या यायला लागल्या. शेवटी 100हून जास्त माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. अमेरिकेच्या एफडीएने आपले जवळजवळ सगळे इन्स्पेक्टर कामाला लावले. दुकानांची बिलं काढून, डॉक्टरांच्या नोंदी बघून, घराघरात जाऊन बाटल्या परत मिळवल्या. बहुतेक साठा हाती लागला, म्हणून आकडा तिथेच थांबला.

पण माल जप्त करायचा तर कायद्याचं कलम कुठलं लावायचं? माणसं मारणारं औषध विकणं हा त्या वेळच्या कायद्यात गुन्हाच नव्हता! सापडलं ते हे: बाटलीवर ‘एलिक्सर’ लिहिलं होतं. एलिक्सर म्हणजे ज्यात अल्कोहोल असतं असं औषध. यात अल्कोहोल नव्हतं. म्हणजे लेबल चुकीचं. कंपनीला दंड झाला तो चुकीच्या लेबलसाठी. त्या शब्दाऐवजी नुसतं ‘सोल्यूशन’ लिहिलं असतं, तर सरकारला हात लावायला जागाच उरली नसती. वॉटकिन्सने खटला उभा राहण्याआधीच आत्महत्या केली.

पुढच्या वर्षी, जून 1938 मध्ये, अमेरिकेत नवा कायदा आला: औषध सुरक्षित आहे हे आधी दाखवा, मग विका. आज आपल्याला ही साधी अक्कल वाटते. ती कायद्यात यायला इतकी माणसं जावी लागली.

या गोष्टीतला एक मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. तपासणी झाली होती. पण तपासणी तेवढंच सांगते जेवढं तिला विचारलंय. चवीचं विचारलंत, तर चवीचं उत्तर मिळेल.

प्रश्न दुसरा: मग कायदा झाल्यावर सगळं सुरळीत झालं असेल?

इथे एका विद्यार्थिनीची ओळख करून देतो.

फ्रान्सिस ओल्डहॅम ही कॅनडातली मुलगी. 1936 मध्ये तिने शिकागो विद्यापीठातल्या प्रोफेसर गायलिंग यांना पत्र लिहिलं. त्यांनी तिला जागा दिली, पण उत्तर आलं ते ‘मिस्टर ओल्डहॅम’ यांच्या नावाने. फ्रान्सिस हे नाव पुरुषाचंही असतं, तेव्हा त्यांचा गैरसमज झाला होता. तिने तिच्या प्राध्यापकांना विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, काही नाही, जागा स्वीकार आणि सहीपुढे कंसात ‘मिस’ लिही. ती गेली. आणि पुढच्याच वर्षी गायलिंग यांच्या प्रयोगशाळेकडे काम आलं ते त्या विषारी एलिक्सरचं: नेमकं काय मारतंय ते शोधा. उंदरांवर प्रयोग झाले, आणि मारणारा घटक डीईजी आहे हे सिद्ध झालं. ते उंदीर मरताना बघणाऱ्यांत ही मुलगी होती.

आता थेट 1960. तोवर ती डॉक्टर फ्रान्सिस केल्सी झालीय आणि ऑगस्टमध्ये एफडीएमध्ये रुजू झालीय. महिन्याभरात टेबलावर फाइल येते: थॅलिडोमाइड. जर्मनीत 1957 पासून विकलं जाणारं झोपेचं औषध. गरोदर बायकांना मळमळीवरही ते दिलं जात होतं. डझनावारी देशांत ते चालू होतं, अमेरिकेत विकायची परवानगी हवी होती.

1938च्या कायद्यात एक फट होती. एफडीएने 60 दिवसांत हरकत घेतली नाही, तर परवानगी आपोआप मिळाल्यासारखी. केल्सी बाईंनी काय केलं? दर वेळी मुदत संपायच्या आत त्या कळवत राहिल्या: तुमची माहिती अपुरी आहे, आणखी पाठवा. हे औषध माणसाला झोपवतं, मग प्राण्यांना का झोपवत नाही? ब्रिटनमध्ये काही रुग्णांच्या हातापायांच्या नसा बधिर झाल्याचं छापून आलंय, ते तुम्ही कळवलं का नाही? गर्भावर काय परिणाम होतो ते पाहिलंत का? कंपनी चिडली, वरिष्ठांना भेटली, फोन केले. बाई हलल्या नाहीत.

नोव्हेंबर 1961 मध्ये जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. जगभरात 10,000हून जास्त बाळं हात-पाय खुंटलेली किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली होती. अमेरिकेत विक्री झाली नाही म्हणून तिथे अशी बाळं मोजकी. मोजकी का होईना, पण झाली, कारण कंपनीने चाचणीच्या नावाखाली 1000हून जास्त डॉक्टरांकडे गोळ्या वाटल्या होत्या. ज्यांनी त्या घेतल्या, त्यांतल्या अनेकींना आपण एका चाचणीत आहोत हेही ठाऊक नव्हतं. म्हणून 1962च्या दुरुस्तीत दोन गोष्टी आल्या: औषध खरंच काम करतं याचा पुरावा द्या, आणि ज्याच्यावर चाचणी करताय त्याची संमती घ्या.

केल्सी बाईंकडे कुठलं खास यंत्र नव्हतं. त्यांच्याकडे प्रश्न होता, आणि उत्तर येईपर्यंत फाइल अडवून ठेवायचा अधिकार होता. नुसता प्रश्न असता आणि अधिकार नसता, तर त्यांची टिपणी फाइलमध्ये राहिली असती आणि गोळ्या दुकानात गेल्या असत्या.

प्रश्न तिसरा: बॅच नंबर कशाला असतो?

याचं उत्तर आपल्या मुंबईतून पंजाबात जातं.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वॉल्देमार हाफकिन हे प्राणिशास्त्रज्ञ भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवायला बसले. लक्षात घ्या, ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती दिली, आणि लस घेतलेले व न घेतलेले यांच्यात प्लेगचं प्रमाण किती, याची तुलना केली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, तिची सुरुवात ही अशी.

मग 1902. पंजाबातल्या मलकोवाल गावी 107 जणांना ही लस दिली गेली, त्यांतले 19 जण धनुर्वाताने मेले. ते 19 जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. त्या बाटलीवर क्रमांक होता: 53-एन. चौकशी समितीने मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. हाफकिनना पदावरून दूर केलं गेलं. नंतर पुराव्यांची छाननी झाली तेव्हा दिसलं की बाटली गावात उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हाफकिनांची बाजू घेतली. 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. तोवर पाच वर्षं गेली होती.

बाटलीवर क्रमांक नसता तर काय झालं असतं? सगळीच लस बदनाम झाली असती. क्रमांक होता म्हणून कळलं की दोष एका बाटलीत आहे, आणि त्या बाटलीच्या प्रवासात तो कुठे शिरला हे शोधता आलं. तुमच्या हातातल्या बाटलीवरचा बॅच नंबर हेच काम करतो. एक बाटली वाईट निघाली, तर तिच्या भावंडांना कुठे शोधायचं हे तो सांगतो.

प्रश्न चौथा: आपल्याकडे कायदा कधीपासून आहे?

ब्रिटिश काळात बाहेरून येणाऱ्या औषधांवर कुणाचं धड लक्ष नव्हतं. कुनैनसारख्या औषधातही भेसळ व्हायची, आणि मलेरियाच्या देशात कुनैन नकली असणं म्हणजे काय ते सांगायला नको. ओरड वाढली तेव्हा 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1931 मध्ये अहवाल आला. कायदा आला 1940 मध्ये, नियम 1945 मध्ये. तोच आजचा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा. आपण आजही त्यावरच चालतो, दुरुस्त्या करत करत.

त्यात एक महत्त्वाची वाटणी आहे. नव्या औषधाला परवानगी केंद्र देतं, पण कारखान्याला आणि दुकानाला परवाना देणं, तिथे जाऊन तपासणं हे मुख्यतः राज्यांचं काम. आपल्याकडे ते महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन बघतं. सिरप बनतं एका राज्यात, विकलं जातं दुसऱ्या राज्यात, आणि मूल आजारी पडल्यावर नेतात तिसऱ्या राज्यातल्या मोठ्या दवाखान्यात. ही वाटणी डोक्यात ठेवा.

प्रश्न पाचवा: कायदा होता, मोठं हॉस्पिटल होतं, तरी जे. जे.मध्ये काय झालं?

जानेवारी 1986. मुंबईतलं जे. जे. रुग्णालय, म्हणजे राज्यातलं सगळ्यात नावाजलेलं सरकारी रुग्णालय. मेंदूला सूज आली की ती उतरवायला तेव्हा ग्लिसरीन द्यायचे, ही नेहमीची पद्धत होती. डॉक्टरांच्या लक्षात आलं की ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं बंद पडतायत. आलेत एका दुखण्यासाठी, आणि मरतायत दुसऱ्याने. 14 रुग्ण गेले. ग्लिसरीन तपासलं, तर त्यात डीईजी. कारखान्यात वापरायच्या दर्जाचा माल औषधाच्या दर्जाचा म्हणून वॉर्डपर्यंत पोचला होता.

1937 नंतर 49 वर्षं झाली होती. डीईजी विष आहे हे फार्मसीच्या विद्यार्थ्यालाही माहीत होतं.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. या आयोगाने एखाद्या माणसाला पकडून फाइल बंद केली नाही. माल कुणी विकला, खरेदी कशी झाली, रुग्णालयाने काय तपासलं, औषध प्रशासनाने काय डोळ्याआड केलं, मंत्रालयातून कुणी हस्तक्षेप केला, या सगळ्या पायऱ्या त्याने एकेक करून उलगडल्या. 1988 मध्ये अहवाल लोकांसमोर आला आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. केईएमचे न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लिहिलं, त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांपर्यंत ते पोचलं.

यातलं मला सगळ्यात टोचतं ते हे: त्या साखळीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की तपासणी आधीच्याने केली असणार. डॉक्टरला वाटलं स्टोअरने बघितलं असेल. स्टोअरला वाटलं पुरवठादाराकडे परवाना आहे म्हणजे माल बरोबर असेल. आणि ज्यांच्यावर परवाने बघायची जबाबदारी होती, तिथेच ढिलाई होती.

प्रश्न सहावा: पण सर्टिफिकेट असतं ना?

असतं की! 2006 मध्ये पनामा देशातही होतं.

तिथे सरकारी प्रयोगशाळाच सर्दी-खोकल्याचं औषध बनवायची. त्यासाठी ग्लिसरीनची 46 पिंपं आली. चीनमधून निघून, स्पेनमधल्या व्यापाऱ्याच्या हातून पनामाला. कागदावर लिहिलं होतं 99.5 टक्के शुद्ध. तोच कागद एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरला, वाटेत मूळ कारखान्याचं नाव गळलं. मधल्या कुणीही पिंप उघडून तपासलं नाही. आत डीईजी होतं. त्यातून 2 लाख 60 हजार बाटल्या भरल्या गेल्या. 100हून जास्त माणसं मेली. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी 2007 मध्ये त्या पिंपांचा माग उलटा काढत काढत चीनमधल्या कारखान्यापर्यंत नेला.

आता एक जण म्हणेल, अरे पण तयार औषध तरी तपासलं असेल ना? इथे गंमत समजून घ्या, गंमत कसली, दुर्दैवच. समजा पॅरासिटामॉलचं सिरप आहे. प्रयोगशाळेत विचारलं, यात पॅरासिटामॉल लेबलवर लिहिलंय तितकं आहे का? उत्तर येतं, आहे. पास. पण ते ज्यात विरघळवलंय ते काय आहे, हे विचारलंच नाही, तर त्या पास होण्याला अर्थ काय? औषधाचा अंश थोडासा असतो, बाटलीत जास्त असतं ते द्रावण. विष तिथे असतं. चवीची परीक्षा घेऊन मोकळ्या झालेल्या 1937च्या प्रयोगशाळेची ही नवी आवृत्ती.

आणि ते शोधणं अवघड आहे का? नाही. शुद्ध ग्लिसरीन डीईजीपेक्षा जड असतं: घनता साधारण 1.26, तर डीईजीची 1.12. मिसळलेलं असेल तर क्रोमॅटोग्राफीची साधी, स्वस्त चाचणी आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होईल अशी. जास्तीत जास्त 0.1 टक्का चालतं. पनामानंतर, 2007 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने औषध बनवणाऱ्यांना सांगितलं: ग्लिसरीनचा आलेला प्रत्येक लॉट स्वतः तपासा, पुरवठादाराच्या कागदावर विसंबू नका.

प्रश्न सातवा: एवढ्या परीक्षा पास झालेली माणसं असतात, मग?

हा प्रश्न बी.फार्म., डी.फार्म. करणाऱ्या मुलामुलींकडून येतो, आणि त्यात थोडा रागही असतो. चार-चार वर्षं शिकायचं, आणि वर पुन्हा परीक्षा?

माणसांची परीक्षा घ्यायची पद्धतही अशीच ठेचकाळत आली. मुंबई प्रांतात 1912च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली, त्याआधी पाटी लावणाऱ्याला कुणी फारसं विचारत नसे. औषध देणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी 1948च्या फार्मसी कायद्याने आली. 2022 मध्ये डी.फार्म.साठी एक्झिट परीक्षेचे नियम आले: डिप्लोमा मिळाला तरी नोंदणीसाठी ती परीक्षा द्यायची.

परीक्षा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिचं काम काय, ते नीट समजून घेऊ. परीक्षा सांगते की या माणसाला डीईजी म्हणजे काय ते माहीत आहे. उद्या मालक म्हणेल, पिंप आलंय, कागद बरोबर आहे, सही कर, माल अडकलाय. तेव्हा हा माणूस नाही म्हणेल का, आणि म्हणाला तर त्याची नोकरी टिकेल का, हे कुठलीच प्रश्नपत्रिका सांगत नाही. वॉटकिन्स अडाणी नव्हता. जे. जे.च्या साखळीत पदव्यांची वाण नव्हती.

म्हणून बाहेरून येऊन बघणारा माणूस लागतो. आपल्याकडे तो औषध निरीक्षक, एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना ही जागा माहीत असेल. 2003 मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने हिशेब मांडला होता: दर 50 कारखान्यांमागे एक निरीक्षक आणि दर 200 दुकानांमागे एक निरीक्षक हवा. माशेलकर आपले गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत वाढलेले. त्यांचा आकडा किती साधा आहे बघा. निरीक्षकाला वर्षाच्या दिवसांत प्रत्येक ठिकाणी जाता यायला हवं, एवढीच मागणी. ती मागणी आजही करावी लागते.

प्रश्न आठवा: हे सगळं जुनं झालं, आता काय?

1998 मध्ये दिल्लीजवळ गुडगावात 36 मुलांना विषबाधा झाली, 33 गेली. खोकल्याचं औषध, आत डीईजी. 2020 मध्ये जम्मूत उधमपूरच्या रामनगरला तेच. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात 60हून जास्त मुलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ज्या सिरपांबद्दल इशारा दिला ती भारतात बनलेली होती. त्यानंतर सरकारने नियम केला: 1 जून 2023 पासून परदेशी जाणारं खोकल्याचं सिरप सरकारी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही.

पुन्हा वाचा: परदेशी जाणारं.

सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं नागपूरला यायला लागली. साधा ताप-खोकला होता, गावात सिरप दिलं होतं, आणि आता लघवी बंद. आपल्या नागपूरच्या वॉर्डांत त्यांतली कितीतरी मुलं होती. 20हून जास्त मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. सिरप तमिळनाडूत कांचीपुरमजवळच्या एका कारखान्यात बनलं होतं. तिथल्या औषध प्रशासनाने बॅच नंबरवरून नमुना काढून तपासला. डीईजी निघालं 48.6 टक्के. चालतं किती, आठवतंय ना? 0.1.

सापडायला एकदा तपासणं पुरेसं होतं. बॅच नंबरचा धागा धरला आणि उत्तर आलं. फक्त तोच प्रश्न बाटल्या निघायच्या आधी कारखान्यात कुणी विचारला नव्हता. आणि मघाशी सांगितलेली वाटणी इथे दिसते: कारखाना तमिळनाडूत, विक्री मध्य प्रदेशात, दवाखाना महाराष्ट्रात.

शेवटचा प्रश्न: मग आम्ही काय करायचं?

घाबरून औषधं बंद करू नका. डॉक्टरने दिलेलं औषध त्यांना न विचारता थांबवणं हेही धोक्याचंच. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक, लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याला सिरप लागतंच असं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. भाच्याला, पुतण्याला घरात पडलेलं सिरप चमचाभर पाजणारी आत्या-मावशी प्रत्येक घरात असते. तिला हा भाग ऐकवा.

दोन, बिल घ्या. बाटली संपेपर्यंत खोका टाकू नका, बॅच नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे.

तीन, औषध सुरू केल्यावर मूल सारखं उलटतंय, मरगळलंय, किंवा बराच वेळ लघवी झालेली नाही, तर वाट बघू नका. दवाखान्यात जा, आणि बाटली सोबत न्या. डॉक्टरला ताबडतोब सांगा की हे पाजलंय.

चार, औषधाचा वाईट परिणाम झाला असं वाटलं तर कळवा. भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर आहे 1800-180-3024. डॉक्टरच नव्हे, कुणीही कळवू शकतं.

आणि तुमच्यापैकी जे फार्मसी शिकतायत, उद्या प्रयोगशाळेत, कारखान्यात, औषध प्रशासनात बसणार आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. तुमच्या टेबलावर कधी तरी एक कागद येईल. सगळे रकाने भरलेले, खाली सही तेवढी बाकी. त्या वेळी पिंप उघडायला लावा. कुणी चिडेल, कुणी वर तक्रार करेल. केल्सी बाईंवरही चिडले होते. ऑगस्ट 1962 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा सन्मान केला, पण त्याआधीचे चौदा महिने त्या रोज ऑफिसात जाऊन त्याच फाइलवर तेच उत्तर लिहीत होत्या: माहिती अपुरी आहे.

तुमचे प्रश्न असेच पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.